पुढची खुर्ची

वाळू-खडीच्या खाणींना कुठे परवानगी द्यायची, याच्या नकाशावर आज सुनावणी होती. सभागृहाच्या बंद दारापाशी डंपरवाला रांगेत पहिला उभा होता. मागे दोघं बोलत होते.

“तुम्ही खाणवाले ना? नकाशात तुमची जागा आहे?”

“होती. खोडली.”

“अरेरे! कुठल्या दीडशहाण्यानं?”

“माझ्या लेकीनं. हा नकाशा तिनंच केलाय.”

“बापाच्याच पोटावर पाय दिला?”

“खड्ड्याला पाणी लागलं की खोदाई थांबवायची, नाहीतर आसपासच्या विहिरी आटतात. माझ्या खड्ड्याला लागलं. मी म्हणत होतो, अजून थोडं खोदू.”

“म्हणजे तिनं कायद्यावर बोट ठेवलं.”

“कायदा कसला! लहानपणी माझा डबा घेऊन खाणीवर यायची, तेव्हा मीच शिकवलं होतं तिला. आता तोच नियम तिनं सगळ्या खाणींना लावलाय. सगळ्या!”

“मग आता हरकत घ्यायला आलात?”

“छे हो! भर सभेत पहिल्यांदाच बोलणार आहे ती. पुढची खुर्ची धरायला आलोय.”

दार उघडलं. डंपरवाला बाजूला सरला.

“जा काका, आधी तुम्ही.”