ओंडक्याचं गणित

एवढं सगळं कशाला वदवून घेताय, बाई? वहीवर लाल फुली मारा, संपला इषय. म्हातारा शाळेत आला म्हंजे भांडायलाच आला, असं कुनी सांगितलं तुमाला? — बरं, भांडायलाच आलोय. बसतो. न्हाई, पानी नको.

सुकन्याच्या वर्गाला तुमीच सांगितलं ना, घरातलं काईतरी घेऊन बलाचं गणित मांडा म्हनून? माझी नात लई हुशार — आली माझ्याकडं, आबा, उसाची बैलगाडी कॅनॉलच्या उतारावर कशी उलटली? म्हनलो, लिही. बावीस वर्सं झाली, वहीत तरी खरं येऊ दे. भरली गाडी उतारावर बैलांच्या अंगावर येती. तुमी स्कूटीवाल्या, तुमाला काय कळनार? म्हनून वरच थांबायचं, मागं साखळीनं बाभळीचा ओंडका बांधायचा — तो घासत येतो, गाडीला मागं धरतो. तुमी त्याला घर्षन म्हनता, म्हना. मी दुसरीपतुर शिकलो, पन हे मला बैलांनी शिकवलं. तर ओंडका बांधायचं काम माझ्या धाकट्या भावाचं. आन ह्यो गडी साखळीच फडात इसरून आला! बांधला चऱ्हाटानं. अर्ध्या उतारावर चऱ्हाट तुटलं, गाडी सुटली, जू मोडलं, माझा पाखऱ्या चाकाखाली गेला. तसला बैल पुन्हा दावनीला आला न्हाई. आन ह्यो वर तोंड करून म्हनतो काय — दादा, वजन लई झालं हुतं! चूक झाली म्हनला का? न्हाई म्हनला. तवापासनं बोलनं बंद.

आता पोरीनं काय करावं? गाडीचं वजन इचारलं, म्हनलो तीन टन. ओंडक्याचं इचारलं, तेबी सांगितलं. दोन दिस आकडे मांडत बसली आन म्हनती, आबा, चऱ्हाट तुटलं नसतं तरी गाडी थांबली नसती. दोन टन असती तर थांबली असती. — तीन टन कुनी भरले? मीच भरले, दुसरं कोन भरनार! एक खेप वाचती म्हनून. धाकटा म्हनला हुता, वरच्या मोळ्या उतरवू दादा. गप म्हनलो त्याला, चार मान्सांत मुस्काडात दिली, आन — हे नव्हतं सांगायचं तुमाला. सोडा.

आता रविवारी ती वही घेऊन त्याच्याकडं जानार म्हनती. वाचून दाखवनार! बांधाला बांध लागून हाय आमचा. परसाली त्याला झटका येऊन गेला, काठी टेकत येतो, बांधावर हुबा ऱ्हातो, माझ्याकडं बघतो. मी बघत न्हाई. — बघतो, पन त्याला कळू देत न्हाई. ह्या वयात त्यो हसनार का मला? तुमीच सांगा. म्हनून म्हनतो, रविवारच्या आत फुली मारा. पेन तर हातातच हाय की तुमच्या!

काय? बरोबर हाय? तुमीबी करून बघितलं? — दोनदा?

द्या मग पैकीच्या पैकी, पोरीचं कशाला कापता. आना ती वही इकडं. तुमी जावा तुमच्या वर्गावर, पोरं आरडायला लागली. पन एक ध्यानात ठेवा बाई, गणित कसंबी सुटू द्या — साखळी मी न्हाई इसरलो. माफी मागायची हाय ती त्यानंच. रंभाजीनं.