परतीची वाट आधी!

...आणि वर मलाच सांगतात, "अहो, सॉफ्टवेअर फुकट आहे!" फुकट आहे म्हणून काय मी शिकायचं? चौपन्नाव्या वर्षी? तुम्हाला सांगतो, डोळ्यांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं नोंदणीच्या खिडकीत बसलो, केसपेपर काढले, शिक्के मारले, "आजोबा, चष्मा घरी विसरलात, मग पाटी वाचणार कशी?" म्हणून लोकांना हसवलं, अगदी सुखात चाललं होतं हो... आणि दवाखान्याच्या सगळ्या नोंदी ज्यावर असतात तो सर्व्हर सांभाळणारा गडी एक दिवस राजीनामा ठेवून निघून गेला! झालं! साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "सर्व्हर ज्यावर चालतो ते लिनक्स म्हणजे ओपन सोर्स. कुणीही उघडून बघावं, कुणीही शिकावं." मी म्हटलं, "कुणीही म्हणजे?" साहेब म्हणाले, "म्हणजे तुम्ही. तीन महिन्यांत जमलं तर उत्तम, नाहीतर तळघरात जुन्या फायलींपाशी एक खुर्ची रिकामी आहेच." तळघर! जिथली ट्यूबसुद्धा पेटायच्या आधी चारदा विचार करते!

म्हणून गेलो क्लासला. शिकवायला बाई. साठी उलटलेल्या, उभा जन्म मशिनांच्या गारठलेल्या खोल्यांत काढलेला, त्यामुळे भर उन्हाळ्यातही अंगात स्वेटर. मी आपला उत्साहानं कीबोर्डला हात लावतोय, तोच मागून आवाज... "हात मागे! वही कुठाय?" आता कॉम्प्युटरच्या क्लासला वही नेणं म्हणजे पोहायला जाताना छत्री नेण्यासारखं नाही का? पण नाही! बाईंचा नियम म्हणजे नियम. वहीत तीन रकाने आखायचे. काय करणार, त्यानं काय होणार, आणि बिघडलं तर परत कसं येणार. आणि भरायचा कुठला आधी? तर तिसरा! "परतीची वाट आधी!" असं त्या दिवसातून वीसदा म्हणायच्या. मी मनात म्हणायचो, बाई, इथे जायची वाट सापडत नाही, परतीची कसली लिहू?

आणि ते लिनक्स! काळा पडदा, त्यावर एक पांढरी रेघ लुकलुकतेय. आज्ञा दिली. काही नाही. पुन्हा दिली. काही नाही. म्हटलं, "बाई, हा बोलत का नाही?" म्हणाल्या, "काम झालं की तो गप्प बसतो." "आणि चुकलं की?" "चुकलं की बोलतो." म्हणजे डिट्टो आमचे सासरे हो!

घरी तरी सुटका असावी? कुठली! बायको भाजी निवडता निवडता माझीच वही पुढ्यात धरून परीक्षा घ्यायची. "ही फाइल फक्त मालकालाच वाचता यावी, तर काय कराल?" मी सांगायचो. "चूक!" तुम्ही म्हणाल, तिला काय कळतंय? अहो, दुसऱ्या महिन्यापर्यंत तिला माझ्यापेक्षा जास्त यायला लागलं होतं! पण खरं सांगतो, तिनं तेव्हा पाठ सोडली असती ना, तर मी आज तळघरात असतो.

एक चोरी मात्र माझी होती. बाई म्हणायच्या, काम झालं की वहीत बरोबरची खूण करा. मी आधी खूण करायचो, मग काम. एकतीस वर्षांची सवय! आमच्या खिडकीत कधी कुणी आधी काम करून मग सही केलीय का?

तर तो सोमवार. परीक्षा पास झालो होतो, सर्व्हर पहिल्यांदाच एकट्याच्या हातात. सर्व्हर म्हणजे शेजारच्या खोलीत नाही बरं, गावाच्या दुसऱ्या टोकाला, दीड तासावर, आणि मी दवाखान्यात बसून लांबूनच त्याचा कारभार बघणार. आता या सर्व्हरला म्हणे हजारो दारं असतात. नको ती बंद करायची. पद्धत अशी, की आधी आपलं दार उघडं राहील असा नियम लावायचा, मग बाकी सगळी बंद. साधं आहे ना? मी उलटं केलं. आधी सगळी बंद! एंटर दाबलं, आणि पडदा... गप्प. म्हटलं, वा! गप्प म्हणजे काम झालं! झालंच होतं हो! मीसुद्धा बाहेर!

बसल्या फांदीवर कुऱ्हाड म्हणतात ती ही! एवढ्यात खिडकीतून आरोळी, "पेशंटची नावं येईनात!" दुसरीकडून, "ऑपरेशनची यादी गेली कुठे?" बाहेर सत्तर माणसं, निम्म्यांच्या डोळ्यांत औषध घातलेलं, समोर कोण उभंय ते त्यांना दिसत नाही आणि कोण आत येतंय ते आम्हाला! एक आजी, डोळ्यावर पट्टी, मला विचारतात, "बाळा, माझा नंबर गेला का रे?" काय सांगू? आजी, तुमचा नाही, माझा गेला! साहेब धावत आले. "किती वेळ लागेल?" दीड तासाचा रस्ता, आणि तिथल्या खोलीची किल्ली कुणाकडे, कुणास ठाऊक! माझ्या डोळ्यांपुढे ती तळघरातली ट्यूब लुकलुकायला लागली.

मग आठवलं. परतीची वाट! बाईंनी घोकून घेतलेलं, लांबून दाराला हात लावण्याआधी सर्व्हरला सांगून ठेवायचं, बाबा रे, दहा मिनिटांत मी येऊन थांब म्हटलं नाही, तर दारं होती तशी करून टाक. सांगितलं होतं का मी? वही उघडली. तिसरा रकाना. माझं अक्षर. दहा मिनिटं. पुढे बरोबरची खूण! हुश्श... आणि लगेच घाम फुटला. अहो, ती खूण कामाआधीची की नंतरची?

साहेबांना म्हटलं, "दहा मिनिटं." आवाज असा काढला, जणू ठरवूनच केलंय. आणि बसलो घड्याळाकडे बघत. तुम्हाला सांगतो, लग्नात अंतरपाटामागे उभा होतो, तेव्हासुद्धा एवढा घाबरलो नव्हतो! सात मिनिटं... आठ... नऊ... आणि खिडकीतून आवाज आला, "आली! नावं आली!" आजींचा नंबर पुकारला गेला. मी मान खाली घालून चक्क रडलो. हातांनी काम आधीच केलं होतं हो, डोक्याला पत्ताच नव्हता!

बाईंना फोन केला. म्हटलं, "बाई, तुमचे पांग कसे फेडू? तुमच्या त्या वहीनं आज माझी नोकरी वाचवली." त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "दहा मिनिटं? एवढी कशाला? आजारी माणसांना ताटकळत ठेवायचं? पाच पुरे होती. वही कुठाय? दुरुस्त करा." केली! फोन चालू असतानाच केली.

संध्याकाळी नाचत घरी. बायकोला सगळं रंगवून सांगितलं. तिचेही डोळे भरले, आणि ते पुसत पुसत म्हणते काय, "पण दारं उलटी लावलीतच कशी? तीनदा घोकून घेतलं होतं मी!" आता इतक्या आनंदात माणसानं गप्प बसावं की नाही? मी म्हटलं, "तू ना, अगदी तुझ्या आईवर गेलीस!"

वही मिटून तिनं माझ्या हातात ठेवली. "हे बोलण्याआधी परतीची वाट बांधली होतीत?"

नव्हती हो. सर्व्हरचं दार दहा मिनिटांत उघडलं... इथे आज चौथा दिवस आहे.