टकलाचे कारण आणि पापलेटची तुकडी

चहा निवू द्या, आधी वसंताचे ऐका. नव्वदच्या सुमारास तलासरीत शिक्षक असलेल्या या माझ्या मित्राचे केस लग्नाआधीच गळू लागले. डॉक्टर म्हणाले, “हार्मोन्स.” शेजारी म्हणाले, “मासे उष्ण पडतात.” लोकसमजूत कारण ताटातच शोधते; ताट आपल्या हाती असते, हार्मोन्स नसतात. वसंताने मासे सोडले.

डहाणूला मुलगी पाहायला मी सोबत होतो. मुलगी त्याला पाहताक्षणी आवडली. जेवणात तळलेले पापलेट आले आणि याने ताटावर हात आडवा धरला.

मुलीचे वडील गंभीर झाले. “मास्तर, मासे न खाणारा जावई आमच्याकडे चालायचा नाही.”

“केसांपायी सोडलेत,” वसंता पुटपुटला.

वडिलांनी टोपी काढली. डोके गुळगुळीत. “मी रोज खातो.” मग त्यांनी शेजारच्या पाटावरील थोरल्या भावाला खुणावले. “दादा, दाखवा जरा. हे लहानपणापासून माळकरी, मासळीला शिवले नाहीत.”

दादांनीही टोपी उतरवली. तेही डोके तसेच.

मुलगी तुकडी घेऊन उभीच होती. “मग वाढू का?”

वसंताने दोन्ही डोकी पुन्हा एकदा नीट न्याहाळली.

“दोन वाढा.”