झिजलेल्या टोकाची पट्टी

दवाखान्यातल्या बाकावर विज्ञानाच्या एक बाई तपासायच्या वह्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारी गणवेशातली एक मुलगी आपल्या सुतार बापाला तावातावाने सांगत होती.

"बाबा, शाळेतल्या पट्ट्यांचं शून्याचं टोक पार झिजलंय. म्हणून मी एकपासून मोजलं आणि शेवटी एक वजा केला."

"शाब्बास! मीही टेप दहापासून धरतो."

"प्रयोगाला सगळ्यांना एकच कांडी मोजायची होती. माझं माप तेरा पूर्णांक चार सेंटिमीटर आलं. बाकी सगळ्यांचं तेरा पूर्णांक नऊ!"

"मग सरांनी पुन्हा मोजली?"

"छे! म्हणाले, तेरा नऊवाल्यांनी हात वर करा. हात मोजले आणि माझ्या वहीवर फुली मारली!"

"अशा माणसाने कपाट केलं तर दार जन्मात लागायचं नाही."

"हसू नका हो! प्रयोगाच्या गटातून नाव कापलं माझं. म्हणे, तू एकटीच शहाणी का?"

"हळू बोल, लोक ऐकतायत."

"ऐकू देत! मी बरोबर मोजलंय!"

बाईंनी पिशवीतून स्वतःची पट्टी काढली, तिच्या टोकावरून अंगठा फिरवला आणि सकाळी फुली मारलेली एक वही पुन्हा उघडली.