पेन्सिलवाला

नको ठेवूस विश्वास. माझ्या एका शब्दावर ठेवू नकोस, मीच सांगते ना — या अख्ख्या बाजारात कोणालाही विचार, सुगंधा खरं बोलली असा एक जरी दिवस कोणी सांगितला तर त्याला पाव किलो बोंबील फुकट. नाव सुगंधा आणि धंदा सुक्या मासळीचा, म्हणजे बघ, खोट्याची सुरुवात बारशापासूनच. पण तुझ्या हातातला तो कागद कुठून आला ते मी सांगते, ते खरं हाय, आणि तेच तुला पटणार न्हाय. दे इकडे. न्हाय देत? बरं, राहू दे तुझ्याकडे, पण चुरगाळू नकोस — पान सत्त्याऐंशी हाय ना? आणि मागे अठ्ठ्याऐंशी. चार दिवस शोधतेय गो मी त्याला, टोपली उलटी केली, गोणी झटकली. झालं काय, मी गेली चहाला, पाच मिनिटं, आणि शेजारच्या कमळाबाईला बोलली, बघ जरा धंद्याकडे. तिनं बघितलं. तू आलीस, एक माप जवळा मागितलास, आणि त्या बयेनं माझ्या बसायच्या पाटाखालून पुस्तक ओढून टर्रकन पान फाडलं आणि तुला पुडी बांधून दिली. कळल्यावर मी तिच्याशी जी भांडली — तिला अजून कळलं न्हाय कशासाठी. तिला वाटतं जवळ्याच्या मापावरून.

थांब, थांब, तू बोलायच्या आधी मला बोलू दे. पुस्तक कुठं हाय ते विचारणार ना? सांगते. आधी ते माझ्याकडे आलं कसं ते ऐक. गेल्या वर्षी पूर आला, मग त्या प्लास्टिकच्या पातळ पिशव्या बंद केल्या, महापालिकेचा माणूस यायचा आणि गठ्ठाच उचलून न्यायचा. मग जवळा बांधायचा कशात? पेपर पातळ, मिठानं ओला होतो, शाई लागते. तर विठू रद्दीवाला बोलला, मावशी, पुस्तकं घे, कागद जाड, तुझ्या पुडीच्याच मापाचा. कोणीतरी खोली रिकामी केली होती इथंच भाईंदरला, गोणभर पुस्तकं निघाली. मी घेतली. मला काय, मी चौथी नापास — म्हणजे नापास पण न्हाय गो, परीक्षेच्या दिवशी बापाची होडी आली, आईबरोबर टोपली घेऊन गेली ती परत शाळेत गेलीच न्हाय. तर मी मस्त फाडत बसली. पहिलं पान, दुसरं पान, ज्याच्यावर नावबिव असतं ते सगळं गेलं मीरा रोडच्या सोसायट्यांमध्ये, जवळ्याबरोबर. बावीस पानं विकली मी, अक्षर न वाचता.

मग एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. हातात पान, बघते तर लिहिलंय, माकुळाला तीन हृदयं असतात. मी हसली. चाळीस वर्षं ते दहा पायांचं, शाई सोडणारं माकूळ कापते मी, साफ करून करून बोटांची चामडी गेली, आणि हा मला सांगतो तीन काळजं. थापाड्याला थापाड्याचा राग येतो बघ, तसा आला मला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या मासळीच्या बाजारातून एक माकूळ घेतलं आणि इथंच फळीवर सावकाश चिरलं, घाई न करता. आणि होती गो. दोन कल्ल्यांपाशी, बारकी बारकी, आणि एक मध्ये. चाळीस वर्षं मी ती घाण म्हणून फेकत होती. कमळाबाईला दाखवली तर ती बोलली, बरं मग? आता हिला काय सांगायचं.

त्या दिवसापासून फाडणं बंद. त्या गोणीत गोष्टीची पुस्तकं पण होती, एक वाचायला घेतलं, कोण राजा, कोण त्याची राणी — ठेवून दिलं. खोटं मला घरचंच हाय, विकत कशाला घेऊ? मला आवडली ती खरी पुस्तकं. मुंग्यांचं एक हाय. रक्तदाबाचं एक हाय, ते वाचून मी बाजारातल्या तीन बायकांचं मीठ बंद केलं, त्यातली एक माझीच सुकटीची गिऱ्हाईक होती, गेली ती. पण समुद्राचं ते समुद्राचंच. एक एक अक्षर जोडून वाचते, पानाला दुपार जाते. आमचे धर्माजी, माझा नवरा, जन्म गेला त्यांचा होडीवर. त्यांना मी विचारलं, समुद्रघोड्यात बाळंत कोण होतो माहीत हाय का? नर. पोटात पिशवी असते, बायको अंडी टाकून मोकळी. दोन दिवस जेवताना पोटावर हात ठेवून बसायचे.

मग मला ती विकलेली बावीस पानं पाहिजे झाली. आता विकलेला कागद कोण परत देतो? मी काय केलं — हसशील तू — मी प्रत्येक बाईला सांगितलं, तो कागद चांगला न्हाय, ज्या घरात जातो तिथं सासू महिनाभर मुक्कामाला येते. दोन दिवसांत सहा पानं परत आली. पेणकरपाड्याहून एक बाई रिक्षा करून आली, मौसी ये लो आपका कागज, आणि पान इस्त्री केलेलं. बाकीची सोळा गेली ती गेली. त्या घरात सासवा आल्या असतील, मी काय करू.

हं, आता पुस्तक. हाय माझ्याकडे. पण देणार न्हाय. तुझ्या बापाचं असलं तरी न्हाय — बापाचंच ना? चेहऱ्यावरून कळतं. कोणाचा बाप गेला, खोली रिकामी केली, रद्दी विकली, आता मुलीला एक पान सापडलं आणि रडू आलं. थांब ना, मला बोलू दे, तुझ्या बापाबद्दलच बोलतेय. मी ओळखते त्यांना. पुस्तकात कडेला पेन्सिलीनं लिहिलंय ना त्यांनी, बारीक अक्षरात, प्रत्येक पानावर काहीतरी. मी त्यांना पेन्सिलवाला बोलते. पुस्तक छापलेलं काय, सगळ्यांना एकच सांगतं. पेन्सिलवाला माझ्याशी बोलायचा. तीन काळजांच्या तिथं त्यांनी लिहिलंय, तीन घेऊन काय करायची, एक सांभाळता येत न्हाय. मी दोन दिवस विचार केला. मग खाली लिहिलं, एक नवऱ्याला, एक पोरांना, एक आपल्याला लपवून ठेवायला. हो, मी पण लिहिते, गिऱ्हाइकाचा निरोप लिहायची पेन्सिल हाय ना. पुस्तकानं लिहिलंय जवळा म्हणजे कोळंबीची पिल्लं — मी लिहिलं, चूक, जवळा वेगळा, कोळंबी वेगळी, बाजारात या, दाखवते. पेन्सिलवाल्यानं तिथं लिहिलं होतं, आईला विचारायला पाहिजे. बघ कसा गुणी माणूस. एवढा शिकलेला आणि आईला विचारणार.

मी त्यांचा चेहरा पण ठरवला होता. चष्मा. मास्तर असणार, मागे वळवलेले केस, शर्टाला शाईचा डाग. बायको लवकर गेली असणार. हे बघ, तू असं बघू नकोस माझ्याकडे, माझं वय अडुसष्ट हाय, मला आता कोण काय बोलणार. धर्माजींना मी सांगून टाकलं, मला एक माणूस भेटतो रोज दुपारी, माझ्याशी लिहून बोलतो. झालं. सत्तरीचा माणूस, गुडघे गेलेले, आमच्या राई गावातून बस पकडून आला आणि समोरच्या टपरीवर दोन दिवस चहा पीत बसला, कोण येतो बघायला. मी मुद्दाम कानामागे फूल खोवलं.

पण मग ना — हे मी कोणाला सांगितलं न्हाय — पान एकशे बारा आलं. तिथं लिहिलंय, उद्या पुढे. बस. समोर एकशे तेराची कड कोरी, उलटलं तर एकशे चौदाची कोरी, शेवटपर्यंत सगळं बघितलं, कुठं एक रेघ न्हाय. उद्या पुढे लिहून माणूस गेला. मी समजली ना, त्याच दिवशी गेले असणार, झोपेत. मी टोपली झाकली आणि घरी गेली. धर्माजींना सांगितलं डोकं दुखतंय. दुसऱ्या दिवशी पण धंदा केला न्हाय. माझा बाप गेला तेव्हा मी तिसऱ्या दिवशी बाजारात होती, विचार कमळाबाईला. तेव्हापासून पुढे वाचलं न्हाय. मागचंच वाचते, परत परत. आणि त्यातलंच पान नेमकं तुझ्या पुडीला गेलं. म्हणून बोलते, बाकीची गोणभर घेऊन जा, मुंग्या ने, रक्तदाब ने, हे एक राहू दे. मी मेल्यावर ये, धर्माजी देतील. आनंदानं देतील.

काय? परत बोल.

न्हाय गो. खोटं. माझ्याशी माझाच धंदा करतेस काय?

बरं, ही घे पेन्सिल. या पुठ्ठ्यावर लिही. काहीही लिही — हेच लिही, उद्या पुढे.

...

तोच हात. तीच मेली वाकडी वेलांटी.

म्हणजे बाप वाचायचाच न्हाय? पुस्तकं आणून द्यायचा फक्त, आणि वाचायचीस तू. किती वर्षांची होतीस? एकोणीस. एकोणीस वर्षांची पोर लिहिते, एक काळीज सांभाळता येत न्हाय, आणि मी इथं म्हातारा चष्मेवाला धरून बसली. सत्तर वर्षांच्या नवऱ्याला टपरीवर बसवला मी तुझ्यामुळे. आयुष्यभर मी सगळ्यांना बनवलं, आणि मला कोणी बनवलं तर एका पोरीनं, तेही तिला माहीत नसताना. नाव काय तुझं? मृणालिनी. नाव पण पुस्तकासारखं.

मग एकशे बाराला काय झालं? उद्या पुढे, आणि उद्या काय झालं?

तुला बघायला आले.

आणि मग लग्न. आणि मग? मग एकही न्हाय? पुस्तकच न्हाय? किती वर्षं — बावीस? पुस्तकं माहेरी राहिली, आणि भावानं खोली रिकामी करताना तुला विचारलं पण न्हाय.

म्हणजे मी दोन दिवस टोपली झाकून बसली ती तुझ्यासाठी. आणि तू माझ्यासमोर उभी, हातात भाजीची पिशवी घेऊन.

रडू नकोस इथं, माझ्या मालाला मीठ पुरेसं लागलेलं हाय. सरक, पाटाखाली हात घाल. हेच ना? घे. बघ, माझं लिहिलेलं खोडायचं न्हाय. आणि आता नीट ऐक, हे मी फुकट देत न्हाय. एकशे तेरापासून पुढे वाचायचं, आणि कडेला लिहायचं. चांगलं चांगलं लिहू नकोस, भांडता येईल असं लिही. रविवारी मला परत पाहिजे, मी सोमवारी उत्तर देणार. वेळ न्हाय? जवळा निवडायला वेळ हाय, नवऱ्याचे डबे भरायला वेळ हाय. दुपारी झोपतेस ना? झोपू नकोस. नवरा विचारेल? विचारू दे, सांग मासळीवालीचा हिशेब लिहितेय. न्हाय, असं नको सांगूस. खरंच सांग. मला बघायचंय त्याचं तोंड कसं होतं ते.

आणि सत्त्याऐंशी पान त्यात घाल, जिथलं तिथं. हं.

काय उभी हायस आता? हां भाभी, बोलो, सुकट? एकदम ताजा है, कल ही सुखाया, झूठ बोलूँगी क्या मैं. मृणालिनी, सरक गो, गिऱ्हाइकाला उभं राहायला जागा न्हाय. काय बघतेस? घरी जाऊन वाच. जा. जा म्हटलं ना.