चार बोल्ट

— तसं न्हाई अर्पितशेठ, स्पीकरचा तो पोर्टचा डबा खराब हाये असं कुठं म्हणलो मी? आवाज त्याचाच मोठा. चाबी राहू द्या तिथं, बसा. स्टूल घ्या ते — कोपऱ्यातल्या डब्यावर नका बसू, त्या गोणपाट टाकलेल्या — हां, स्टूलच बरं. तं बघा. बंद डबा म्हणजे सगळीकडून हवाबंद. आत हवा कोंडलेली, ती स्पीकरच्या पडद्याला धरून ठेवती, जास्त उडू देत न्हाई. म्हणून ठोका येतो तो साफ, तुटक. हलगी वाजली तं एकेक टिपरी मोजून घ्या. अन् पोर्टच्या डब्याला पुढून ही अशी नळी. आतली हवा तिच्यातून बाहेर फेकली जाती, तिचा बी आवाज स्पीकरच्या आवाजात मिसळतो, मंग तेवढ्याच करंटात दणका दुप्पट. आख्ख्या स्टेशन रोडला कळतं गाडी कोणाची आली. पण मोठा लागतो ना! बंद डबा डिक्कीच्या कोपऱ्यात बसून जातो, हा सगळी डिक्की खातो. जाड बोर्ड, बारा इंची स्पीकर, मागं एवढालं मॅग्नेट — पस्तीस किलो कुठंच गेले न्हाई.

आता तुम्ही म्हणून राह्यले, पोर्टचा दे अन् छिद्र पाडू नको. तुमच्या वडलांनी, बद्रीनारायणजींनी सांगितलं, कुलदेवीचं दर्शन होऊस्तोर नव्या गाडीला ड्रिल लावायचं न्हाई. बराबर हाये. त्यांच्या शब्दाबाहेर मी कशाला जाऊ? तुमच्यात हाये तसं आमच्यात बी हाये — नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं, अन् देवाच्या पायरीला गाडी लागूस्तोर तिच्या अंगाला हत्यार लावायचं न्हाई. पण मंग डबा राहतो कसा? नुसता ठेवलेला! खाली दोन पट्ट्या टेपच्या. या उन्हात त्या टेपचा गूळ होतो, शेठ, बोट लावून बघा. चार बोल्ट लागतात, खालच्या पत्र्यातून आरपार, खालून वायसर, नट. चारच. अर्धा तास लागत न्हाई. अन् तुम्ही न्हाई म्हणता, अन् राजस्थानला निघाले. पुढं तुम्ही अन् वहिनी. मागं कोण? नेहल. केवढी झाली आता?

नऊ.

न्हाई, काय न्हाई. पंखा वाढवतो जरा.

मी असाच एक डबा बसवल्ता. बसवल्ता कसला, ठेवल्ता. आमच्या भाऊजींच्या गाडीत. धावड्याचे, भोकरदन तालुक्यातले, भागवत नाव. माझी धाकटी बहीण सुरेखा दिली त्यांना. दसऱ्याला गाडी घेतली अन् शोरूममधून सरळ इथं आणली. भाऊजी म्हणले, देवानंद, काय बी लाव, मला गाण्यातलं कळत न्हाई. मीच म्हणलो, पोर्टचा लावू. माझ्या बहिणीची गाडी, गावात आवाज निघाला पाहिजे! हौस माझी. बोल्ट मारायला ड्रिल हातात घेतलं, तं सुरेखा म्हणली, दादा, राजूरच्या गणपतीला नेल्याबिगर भोक पाडू नको रे नव्या गाडीला. चतुर्थीला दर्शन हाये, तिथून इकडंच पाठवते यांना, मंग मार तुझे बोल्ट. मला माहीत व्हतं, शेठ. पंधरा वर्षं हेच काम करून राह्यलो, मला माहीत नसंल तं कोणाला असंल? पण बहीण म्हणली. अन् नऊ दिवसांचा तं प्रश्न. ठेवलं ड्रिल खाली.

एवढंच असतं तरी — न्हाई, एवढंच न्हाई. डबा डिक्कीत, अन् मधी मागच्या सीटची पाठ. ती आवाज अडवती. मंग मीच मागच्या सीटची अर्धी पाठ खाली पाडून दिली. म्हणलो, आता ऐका! माझी भाची होती, शालू, तुमच्या नेहलएवढीच. ती त्या पाडलेल्या पाठीवर डोकं टेकवून आडवी झाली अन् म्हणली, देवामामा, इथं पोटात गुदगुल्या होतात. हसलो आम्ही सगळे. मी आवाज अजून वाढवला. ती गाडीत तशीच झोपायची म्हणे, त्या नऊ दिवसांत. त्या धमधमीत झोप लागायची तिला.

चतुर्थीला सुरेखाचा उपास, ती घरीच राह्यली. भाऊजी अन् शालू निघाले. राजूर यायच्या आधी एक म्हातारी रस्त्यात आली. भाऊजी काय पळवत नव्हते, पन्नासच्या आत गाडी, माणूस सरळ हाये हो, बिलकुल सरळ. ब्रेक मारला. म्हातारी वाचली. गाडीला ओरखडा न्हाई. काच न्हाई फुटली, हेडलाइट न्हाई फुटला — पण डबा थांबला न्हाई. पाठ पाडलेली ना. मोकळी वाट. मीच करून दिलेली.

मला फोन आल्ता भाऊजींचा. मी पोचलो तेव्हा शालूला दुसऱ्या गाडीत घालून पुढं नेलं व्हतं, अन् पोलीस आले नव्हते अजून. मी काय केलं माहिती? डबा काढला. वायरी तोडल्या, डबा उचलला, माझ्या गाडीत टाकला अन् सीटची पाठ नीट उभी करून ठेवली. पस्तीस किलो, एकट्यानं. पंचनाम्यात काय आलं — अचानक ब्रेक लावल्यामुळं मुलगी पुढच्या सीटवर आदळली. कोणी डब्याचं विचारलंच न्हाई. भाऊजींना तं ठाऊक. त्यांनीच पोरीच्या मानेवरून तो सारला व्हता. पण शालू गेली तेव्हा दवाखान्याच्या दारात मला बाजूला घेऊन म्हणले, देवानंद, सुरेखाला यातलं काही कळू देऊ नको. भोक पाडू नको तीच म्हणली व्हती, तिला जगता येणार न्हाई. अन् तुझ्यावर आलं तं तिला माहेर बी राहणार न्हाई. माझ्यावर राहू दे.

राहू दे म्हणले. अन् मी राहू दिलं.

सहा महिने झाले. सुरेखा माझ्याकडंच हाये, इथं वरच्या खोल्यांत. नवऱ्याचं तोंड बघत न्हाई. म्हणती, स्टेरिंग यांच्या हातात व्हतं. ते तिकडं रस्त्यापलीकडं रसवंतीपाशी बसलेत ना, बाकड्यावर, हिरवा रुमाल गळ्यात — तेच भाऊजी. दर मंगळवारी धावड्याहून येतात. रसाचा गिलास घेतात अन् या जिन्याकडं बघत बसतात. बोलवत न्हाईत, फोन न्हाई. पाचच्या गाडीनं परत. अन् मी इथं गिऱ्हाइकाला वायरी दाखवतो. रोज म्हणतो, आज सांगू. मंग म्हणतो, सांगितलं तं तिला तिचं बोलणं आठवंल. तिच्यासाठीच गप हाये मी — असं म्हणतो. खरं सांगू? भीती वाटती. ती वर जेवायला वाढती ना मला, दादा, अजून घे म्हणती, ते बंद होईल. एवढ्यासाठी त्या माणसाला उन्हात बसवलंय मी.

तो कोपऱ्यातला? हां. तोच. कुठं टाकू त्याला? फोडवत न्हाई, विकवत न्हाई. वरून गोणपाट टाकलं. सुरेखा त्याच्यावरच चहाचा ट्रे ठेवती रोज. तिला काय माहीत.

श्श — आली. काही बोलू नका.

ये गं. ठेव. ठेव तिथंच. हे अर्पितशेठ, बियाण्याचं दुकान हाये ना मोंढ्यात, त्यांचे. काय न्हाई, बंद डबा घ्यावा का पोर्टचा, तेच सांगून राह्यलो. हां, तं शेठ, जागेचा विचार केला तं बंद डबा जल्दी बसतो, अन् आवाज बी — साखर बराबर हाये गं. हो, बसलेत तिकडं. तू नको बघू. जा वर.

शेठ, घ्या ना चहा. उठले का? आवडला न्हाई का बंद डबा? हे बघा, बोल्ट मारू देत असले तं मारतो, न्हाई तं माझ्याकडून कोणताच डबा मिळणार न्हाई, दुसरं दुकान बघा, राग मानू नका. चाबी राह्यली तुमची. अहो चाबी! गाडी इकडं लावली तुम्ही, तिकडं कुठं — रस्त्यापलीकडं कशाला — शेठ! त्यांच्याशी काय काम तुमचं? अर्पितशेठ, त्यांना काही विचारू नका, पाया पडतो —

न्हाई गं, मला काय माहीत, ओळख असंल. सुरेखा, वर जा म्हणलो ना. का रडून राह्यले ते? असंच — मला काय — 

इकडं येऊन राह्यले दोघं.

सुरेखा. तो ट्रे उचल त्या डब्यावरून. उचल, बाई. अन् गोणपाट काढ.