चाळीस माणसं, एक कोट

भैय्याजी : थांब, थांब. झाकन काढलंच नाई म्हनते?

मयुरी : नाई बाबा. मुद्दाम. एका कलावंतानं कॅमेऱ्याचं झाकण तसंच ठेवून छत्तीस फोटो घेतले. तिकडं परदेशात त्याचं प्रदर्शन लागलं. सगळे काळे फोटो.

भैय्याजी : अन् लोक पाहाले गेले?

मयुरी : रांग लागली.

भैय्याजी : बाप्पा! चंदनच्या लग्नात फोटो काढाले गेलतो तं माह्यंही असंच झालतं. तवाच्या साध्या कॅमेऱ्यात झाकन लावलेलं असलं तरी वरच्या खिडकीतून सारं दिसे. पुरी सप्तपदी झाली तवा झाकन दिसलं, सारे फोटो काळे. त्याचा बाप मले मांडवभर पळवत व्हता. हे कला आहे असं मले तवा सुचलं असतं तं एवढं धावा तरी लागलं नसतं.

मयुरी : मधात नका बोलू न बाबा. दर आठवड्याले कलेच्या तीन बातम्या वाचाच्या अन् त्यावर आपला प्रतिसाद लिहाचा, असं आहे आमच्या कॉलेजातल्या मॅडमचं. यावर मी लिहिलं, "हा अंधार पाहणाऱ्याच्या नजरेलाच प्रश्न विचारतो."

भैय्याजी : चंदनच्या बापानंही प्रश्नच विचारले व्हते. सारं वऱ्हाड ऐकून राह्यलं व्हतं. दुसरी सांग.

मयुरी : एका मोठ्या स्पर्धेत म्हाताऱ्या बाईच्या फोटोले पहिलं बक्षीस भेटलं. मंग समजलं का तो यंत्रानं बनवलेला. अशी बाई जगात कुठं नाईच.

भैय्याजी : जन्मलीच नाई?

मयुरी : नाई.

भैय्याजी : मंग त्या फोटोले हार कोन घालन?

मयुरी : सगळेच फोटो हारासाठी नसते बाबा.

भैय्याजी : आष्टीत तेवढ्याचसाठी असते. जिते लोक आपापल्या मोबाइलवर काढून घेते. आपल्या दुकानात आता मेल्यावरच येते सारे.

सुलोचनाबाई : भैय्याजी, झाला का जी आमच्या सासऱ्याचा फोटो? परवा तेरवी आहे.

भैय्याजी : या सुलोचनाबाई. हे पाहा तुमचे नानाजी. पंगतीतल्या फोटोतून काढले. हातातला लाडू मिटवला, फुगलेला गाल बसवला, डोळे उघडले.

सुलोचनाबाई : अन् कोट?

भैय्याजी : घातला न.

सुलोचनाबाई : बापा, तहसीलदार दिसून राह्यले! सारा जन्म नुसत्या बंडीवर काढला. सदरा घाला म्हनलं का खेकसत अंगावर. आता कसे गुमान बसले कोटात.

मयुरी : काकू, त्याइनं कधी कोट घातलाच नाई, तं फोटोत कायले?

सुलोचनाबाई : म्हनूनच तं घालाचा. रोज घालत असते तं भैय्याजीपाशी कायले आली असती मी? तू वर्ध्याले शिकून राह्यली न? काय शिकतं?

भैय्याजी : फोटोचंच.

सुलोचनाबाई : अन् त्यापाई वर्ध्याले गेली? बाप घरी असून? तिथं का याहून भारी कोट घालते? बरं, जातो मी, बजार कराचा आहे अजून.

भैय्याजी : येजो. हं, तिसरी वाच वं.

मयुरी : तिसरी राहू द्या.

भैय्याजी : काऊन? मॅडमनं निवडली म्हनलं व्हतं न तू? उद्या कॉलेजात साऱ्याइच्या समोर वाचाची आहे न तुले?

मयुरी : हो. ज्याच्यावर लिहिलं तो कलावंतच येऊन राह्यला उद्या.

भैय्याजी : मंग वाच. बापासमोर जीभ अडखळली तं तिथं काय वाचशीन?

मयुरी : "अंकुश या तरुण कलावंताचे 'मृतांचा गणवेश' हे प्रदर्शन सध्या मुंबईत गाजत आहे. ग्रामीण भागातील कुणा अनाम छायाचित्रकाराने घडवलेल्या चाळीस मृतांच्या प्रतिमा त्यात मांडल्या आहेत. चाळीसही जणांच्या अंगात तंतोतंत एकच कोट आहे. ही एकरूपता सत्तेने लादलेल्या शिस्तीकडे बोट दाखवते. कोटाचे तुटलेले दुसरे बटण..."

भैय्याजी : थांब. दुसरं बटन?

मयुरी : "...तुटलेले दुसरे बटण ही अपुऱ्या राहिलेल्या स्वातंत्र्याची खूण होय."

भैय्याजी : ते बटन तुह्या मामानं तोडलं! वरातीत. नाच म्हनून ओढत व्हता मले. माह्या लग्नातला कोट आहे तो! एकच तं कोट व्हता माह्याजवळ. त्याचा फोटो काढून कॉम्प्युटरमंदी टाकला, तोच घालतो साऱ्याइले. आताच नानाजीले घातला तुह्या डोळ्यापुढं. त्याच्यात सत्ता कुठून आली? दाखव, मोबाइल दाखव.

मयुरी : हे घ्या.

भैय्याजी : हा रुपेश मास्तरचा बाप. हा भावनाचा आजा. हे तं सारं आपलं गिऱ्हाईक आहे वं! दोन सालाखाली तो चोटी बांधलेला पोरगा आलता, आठवते? तोच हा अंकुश. माह्या पाया पडला, दोन कप चहा पेला. लोक न्यायलेच आले नाई असे फोटो पेटीत पडून व्हते, ते अभ्यासाले पाह्यजे म्हने. मीच गठ्ठा बांधून देला, सुतळीनं. एकेकाच्या मागं शिक्का आहे दुकानाचा. नाव, गाव, फोन नंबर. अन् अनाम म्हनते? फोन लावाले हात मोडले व्हते?

मयुरी : समोरून लावले त्यानं फोटो. मागचं कोन पाह्यते.

भैय्याजी : जाऊ दे. मुंबईत लागले न! चाळीसच्या चाळीस माहे! मी येतो उद्या वर्ध्याले. कोट घालून येतो, तुटल्या बटनाची जागा दाखवतो त्याले, म्हनतो पाह्य बेटा, हे तुही सत्ता.

मयुरी : नका येऊ बाबा.

भैय्याजी : भांडत नाई मी. दोन शब्द बोलीन.

मयुरी : कॉलेजमंदी कोनाच्या घरचं येत नाई असं.

भैय्याजी : अवं, तू कायले भेते? तुही चूक नाई. मोबाइलमंदी एवढुसा दिसते फोटो, तुले काय ओळखू येईन? तरी आता वाटते खरं... लहान असतानी या बाकड्यावर तोच कोट पांघरून झोपे तू. रिकाम्या काजात बोट घातल्याबिगर डोळा लागे नाई तुहा. तुले खरंच ओळखू नाई आला?

मयुरी : आला.

भैय्याजी : कवा?

मयुरी : पाह्यल्याबरोबर.

भैय्याजी : अन् तरी अनाम लिहिलं?

मयुरी : पहिल्या दिवशी मॅडमनं साऱ्यांले घरचं विचारलं. कोनाचे बाबा डॉक्टर, कोनाचे प्रोफेसर. माह्या तोंडून निंघून गेलं, कापसाचा व्यापार आहे म्हनून. मंग तेच धरून बसली. मेलेल्याइले कोट घालनाऱ्याची पोरगी म्हनून हसले असते न सारे. लाज वाटली मले, बाबा. तुमची वाटली. आता माहीच वाटून राह्यली.

भैय्याजी : कापसाचा व्यापार.

मयुरी : हो.

भैय्याजी : आपल्या घरी गादीत आहे तेवढाच कापूस.

मयुरी : हसू नका न.

भैय्याजी : मंग रडू? त्या पोरानं नाव गाळलं, तो परका. त्याले काय बोलाचं? पन तू तं उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून शिक्के मारत व्हती त्याच फोटोइच्या मागं.

मयुरी : मी बदलते ते. आत्ताच बदलते, हे पाहा. तुमचं पूर्ण नाव टाकते, दुकानाचं टाकते, बटणाचंही खरं लिहिते. त्याच्या तोंडावर वाचते उद्या. तुम्ही समोर बसा. याच तुम्ही, बाबा.

भैय्याजी : सकाळची एस्टी कितीची आहे?

मयुरी : साडेसातची.

भैय्याजी : येतो. फक्त एवढं सांगून ठेव, कोन म्हनून येऊ?